परक्या शिंपल्यांचे आक्रमण आणि आपले पाणी

ग्वाल्हेरच्या घराघरांतील नळांना येणारे पाणी मुख्यत: तिघरा जलाशयातून येते. सांक नदीवरील हे धरण १९१६ मध्ये पूर्ण झाले आणि दुसऱ्याच वर्षी, १९१७ च्या पावसाळ्यात, फुटले. ते पुन्हा उभे राहिले. पुण्याजवळच्या खडकवासला धरणावर विश्वेश्वरय्या यांनी जे स्वयंचलित दरवाजे प्रथम बसविले, तशाच प्रकारचे दरवाजे पुढे आपल्या तिघऱ्यालाही लागले. ही हकिकत आपल्याकडील अनेक वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. धरणाला धोका म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पूर येतो, नाहीतर दुष्काळ. परंतु जगातील अनेक नद्या, धरणे आणि पाणीपुरवठा योजना आज अशा एका प्राण्यामुळे त्रस्त आहेत, जो आपल्या अंगठ्याच्या पेराएवढाच असतो. तो प्राणी म्हणजे परदेशातून आलेला शिंपला. या अंकात आम्ही विद्यार्थ्यांना आणि पालकांना त्याची ओळख करून देत आहोत.

आपला शिंपला कसा जगतो

शिंपला, म्हणजे हिंदीत आपण ज्याला सीप म्हणतो तो, दोन झडपांचा मृदुकाय प्राणी आहे. नदीकाठच्या वाळूत सापडणारा रिकामा शिंपला आपण सर्वांनी उचलून पाहिला आहे. उत्तर हिंदुस्थानात पूर्वी कैऱ्या सोलण्यासाठी दगडावर घासून धार लावलेली सीप वापरीत असत. आपल्या भागातील नद्यांत आणि तळ्यांत आढळणाऱ्या शिंपल्यांपैकी एकाचे शास्त्रीय नाव लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस असे आहे. गोड्या पाण्यातील मोत्यांच्या शेतीसाठी आपल्या देशात हाच शिंपला मोठ्या प्रमाणावर वापरतात.

हा आपला शिंपला चिखलात अर्धा रुतून बसतो. तो पाणी आत ओढतो, त्यातील सूक्ष्म शेवाळ व कण गाळून खातो आणि स्वच्छ पाणी बाहेर सोडतो. म्हणजे तो नदीचा बिनपगारी सफाई कर्मचारीच आहे. मुग्धबलाक नावाचा करकोचा, ज्याला हिंदीत घोंघिल म्हणतात, तो गोगलगायी आणि शिंपल्यांवरच पोट भरतो. त्याच्या चोचीच्या दोन भागांमध्ये जी फट दिसते, ती याच कामाची आहे.

आपल्या शिंपल्याची वंशवृद्धी मात्र सावकाश होते. मादी आपली अंडी कल्ल्यांमध्ये सांभाळते. त्यांतून निघालेली पिले पाण्यात आल्यावर एखाद्या माशाच्या कल्ल्याला किंवा पराला चिकटतात. काही दिवस माशाच्या अंगावर राहून मग ती तळाशी पडतात आणि स्वतंत्र आयुष्य सुरू करतात. योग्य मासा भेटला नाही तर पिलू मरते. म्हणून नदीत मासे असतील तरच शिंपले असतात. ही व्यवस्था निसर्गाने लाखो वर्षांत बसविली आहे, आणि तीमुळे शिंपल्यांची संख्या आपोआप मर्यादेत राहते.

परका शिंपला वेगळा का

आता दुसरा शिंपला पाहू. याला सोनेरी शिंपला म्हणतात. शास्त्रीय नाव लिम्नोपर्ना फॉर्च्युनी. मूळ घर दक्षिण चीन आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशातील नद्या. लांबी बहुधा दोन ते तीन सेंटिमीटर, रंग पिवळसर तपकिरी. दिसायला अगदी निरुपद्रवी. पण त्याच्याजवळ दोन गोष्टी आहेत, ज्या आपल्या शिंपल्याजवळ नाहीत.

पहिली गोष्ट म्हणजे धागे. हा शिंपला आपल्या शरीरातून चिवट तंतू काढतो आणि त्यांच्या साहाय्याने दगड, लाकूड, लोखंड, सिमेंट, प्लॅस्टिक, नावेचा तळ, अशा कोणत्याही कठीण वस्तूला घट्ट चिकटतो. एकावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा असे थर चढत जातात.

दुसरी गोष्ट म्हणजे त्याच्या पिलांना माशाची गरज नसते. नर आणि मादी आपली बीजे सरळ पाण्यात सोडतात. त्यांतून तयार होणारे पिलू डोळ्यांना दिसतही नाही, इतके सूक्ष्म असते. ते पाण्यात तरंगत राहते आणि मग जागा मिळेल तिथे चिकटते. पाणी २० अंश सेल्सियस असेल तर या अवस्थेला साधारण २० दिवस लागतात, २८ अंश असेल तर साधारण ११ दिवसच. यावरून विद्यार्थ्यांच्या लक्षात येईल की उष्ण प्रदेशातील नद्या या प्राण्याला का मानवतात. पाणी कोमट, वाढ वेगाने, आणि वर्षातील बहुतेक महिने प्रजनन चालू.

युरोप आणि अमेरिकेत याच प्रकारे उपद्रव करणारा झेब्रा शिंपला पुष्कळ प्रसिद्ध आहे. तो काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्राकडचा. १९८८ मध्ये उत्तर अमेरिकेच्या मोठ्या सरोवरांमध्ये तो आढळला आणि तेथून दूरवर पसरला. पण त्याला थंड पाणी आवडते. सोनेरी शिंपला उष्ण पाण्यातही सुखाने राहतो, म्हणून आपल्यासारख्या देशांनी त्याचीच अधिक चिंता करावयास हवी.

दक्षिण अमेरिकेत काय घडले

सोनेरी शिंपला १९६० च्या दशकात हाँगकाँगच्या पाणीपुरवठ्यात शिरला आणि पुढे तैवान व जपानमध्ये पोहोचला. १९९१ मध्ये तो एकदम पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, अर्जेंटिनातील रिओ दे ला प्लाता नदीच्या मुखाशी सापडला. तो तिथे पोहोचला कसा? जहाजांमधून. रिकामे जहाज समुद्रात डोलू नये म्हणून त्याच्या तळाच्या टाक्यांत पाणी भरतात. एका बंदरात भरलेले हे पाणी दुसऱ्या बंदरात माल चढविताना सोडून देतात. त्या पाण्याबरोबर त्यातील जीवही नव्या देशात उतरतात. त्यांना पासपोर्ट लागत नाही आणि कोणी अडवीतही नाही.

सुरुवातीला त्या किनाऱ्यावर एका चौरस मीटरमध्ये चार-पाच शिंपले होते. दोन-तीन वर्षांतच ही संख्या ८० हजारांच्या घरात गेली. एक चौरस मीटर म्हणजे वर्गातील एका मोठ्या टेबलाएवढी जागा. त्यावर ८० हजार जीव बसले आहेत अशी कल्पना करून पाहा.

तेथून हा शिंपला पाराना आणि पाराग्वे नद्यांमधून वर चढला, वर्षाला साधारण २४० किलोमीटर या वेगाने. येथे एक प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारला पाहिजे. पिले तर प्रवाहाबरोबर खाली वाहतात, मग शिंपला प्रवाहाच्या विरुद्ध वर कसा गेला? उत्तर असे की तो स्वत: गेला नाही, त्याला माणसाने नेले. मालवाहू नावांच्या तळाला चिकटून तो वरच्या बंदरांत पोहोचला, तिथे त्याने पिले सोडली आणि ती खालच्या सर्व पाण्यात पसरली. २००१ मध्ये तो ब्राझील आणि पाराग्वे यांच्या सीमेवरील इताइपू या प्रचंड जलविद्युत धरणात आढळला. २०१५ मध्ये ब्राझीलच्या ईशान्येकडील साओ फ्रान्सिस्को नदीत, म्हणजे अगदी वेगळ्या खोऱ्यात, तो मिळाला. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्नियात स्टॉकटन बंदराजवळ तो सापडला. उत्तर अमेरिकेतील ही त्याची पहिलीच नोंद.

नुकसान नेमके कसे होते

पहिले नुकसान यंत्रांचे. धरणातून पाणी घेणारे नळ, जाळ्या, पंप, वीजघरातील थंड पाण्याच्या नलिका यांच्या आतल्या बाजूला शिंपले चिकटतात. नळाचा व्यास कमी होतो, प्रवाह मंदावतो, धातू गंजतो. मेलेले शिंपले सुटून पुढे जातात आणि गाळण्या तुंबवितात. ब्राझीलमधील पोर्तो आलेग्रे शहराच्या पाणीपुरवठ्याला हा त्रास सोसावा लागला. वीजघरात यंत्रे बंद ठेवून शिंपले खरवडून काढावे लागतात, आणि यंत्र बंद म्हणजे वीज बंद.

दुसरे नुकसान स्थानिक जीवांचे. हे शिंपले तेथील मूळच्या शिंपल्यांच्या पाठीवरच वस्ती करतात. धाग्यांनी जखडलेल्या त्या बिचाऱ्याला झडपा उघडता येत नाहीत, की हलता येत नाही. शेवटी तो उपासमारीने मरतो.

तिसरे नुकसान चटकन लक्षात येत नाही. हे कोट्यवधी शिंपले पाणी गाळतात, तेव्हा पाणी नितळ दिसू लागते. पाहणाऱ्याला वाटते, नदी शुद्ध झाली! परंतु पाण्यातील जे सूक्ष्म अन्न माशांच्या पिलांच्या वाट्याला यायचे, ते या शिंपल्यांनी खाल्लेले असते. त्यांच्या उत्सर्जनातून नत्र आणि स्फुरद पाण्यात मिसळतात. उरुग्वे नदीवरील साल्तो ग्रांदे जलाशयाच्या अभ्यासात असे दिसले की अशा पाण्यात विषारी निळे-हिरवे शेवाळ माजण्यास मदत होते. म्हणजे नितळ पाणी हे निरोगी पाणी असेलच असे नाही.

निसर्ग अगदी हातावर हात ठेवून बसत नाही, हेही सांगितले पाहिजे. पाराना नदीतील अनेक जातींचे मासे हा नवा शिंपला खाऊ लागले आहेत. पाराग्वे नदीच्या पान्तानाल या दलदलीच्या प्रदेशात पूर आला की बुडालेले गवत कुजते आणि पाण्यातील प्राणवायू काही काळ संपतो. तेव्हा हे शिंपले मोठ्या संख्येने मरतात. पण मरतात म्हणजे संपत नाहीत. उरलेले पुन्हा वाढतात.

आपल्या देशातील अनुभव

सोनेरी शिंपल्याने भारतातील नद्यांत ठाण मांडल्याची नोंद आज नाही. परंतु त्याचे चुलतभाऊ शोभतील असे पाहुणे आपल्या किनाऱ्यांवर केव्हाच आले आहेत.

मेक्सिकोचे आखात आणि कॅरिबियन समुद्र या भागातील मिटिलॉप्सिस सालेई नावाचा शिंपला १९६७ मध्ये विशाखापट्टणमच्या बंदरात आढळला. १९७० च्या दशकात तो मुंबईच्या नौदल गोदीत सापडला. हा झेब्रा शिंपल्याच्याच कुळातला आहे. जवळजवळ गोड्या पाण्यापासून खाऱ्या पाण्यापर्यंत सर्व त्याला चालते, म्हणून पावसाळ्यात खाडीचे पाणी गोडे झाले तरी तो मरत नाही. जहाजांचे तळ, दोरखंड, धक्क्याचे खांब यांवर त्याचे थर बसतात. जहाजांच्या टाक्यांतील पाण्याचा प्रश्न हाताळण्यासाठी २००० ते २००४ या काळात जी आंतरराष्ट्रीय योजना राबविली गेली, तिच्यासाठी निवडलेल्या सहा बंदरांत मुंबई होती. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने त्यात महत्त्वाचे संशोधन केले. याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २००४ मध्ये झाला आणि ८ सप्टेंबर २०१७ पासून अमलात आला. आता टाक्यांतील पाणी प्रक्रिया करूनच सोडावे, असे बंधन त्याने घातले आहे.

केरळातील अष्टमुडी सरोवराची कथा अधिक वेदनादायक आहे. कोकणात ज्यांना तिसऱ्या म्हणतात, त्यांच्या कुळातील शिंपल्यांवर तेथील कोळी कुटुंबे जगत आली. जबाबदारीने चालविलेली म्हणून या मासेमारीला २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले. असा मान मिळविणारी ती भारतातील पहिलीच मासेमारी होती. त्यानंतर चार-पाच वर्षांतच मध्य व दक्षिण अमेरिकेकडील मिटेला नावाच्या शिंपल्याने सरोवराचा तळ व्यापायला सुरुवात केली. लोकांनी त्याला ‘वरत्तन कक्का’, म्हणजे परका शिंपला, असे नाव दिले. चेन्नईजवळ एन्नोरच्या खाडीतही तो पसरला आहे. तिथे त्याला ‘काका आळी’ म्हणतात. चिखलावर त्याची सतरंजी पसरली की कोळंबीला राहायला जागा उरत नाही आणि हाताने कोळंबी पकडणाऱ्यांची रोजी जाते.

एक यशस्वी उदाहरण

असा शिंपला एकदा शिरला की निघतच नाही का? एका ठिकाणी निघाला. ऑस्ट्रेलियातील डार्विन शहरात १९९९ च्या मार्चमध्ये पाणबुड्यांना नावांच्या गोदीत मिटिलॉप्सिसचे दाट थर दिसले. सहा महिन्यांपूर्वीच्या पाहणीत तो तिथे नव्हता. प्रशासनाने लगेच गोद्या बंद केल्या, त्यांत क्लोरीन आणि मोरचूद, म्हणजे नीला थोथा, सोडला आणि तेथून बाहेर पडलेल्या नावांचा शोध घेऊन त्या तपासल्या. साधारण महिन्याभरात शिंपला नष्ट झाला.

हे का साधले, हे समजून घेणे आवश्यक आहे. त्या गोद्यांना दरवाजे होते, त्यामुळे पाणी कोंडून ठेवता आले. शिंपला लवकर दिसला. निर्णय त्वरित झाला. वाहत्या नदीत यांतील पहिली गोष्ट शक्यच नाही. चंबळेत मोरचूद ओतणे म्हणजे सुसरी, कासवे, मासे सर्वांना मारणे. म्हणून नदीसाठी एकच उपाय उरतो, तो म्हणजे येऊ न देणे आणि आलाच तर लवकर ओळखणे.

ग्वाल्हेरने लक्ष का द्यावे

कोणी म्हणेल, आमच्याकडे ना समुद्र, ना बंदर. पण जलकुंभी कुठे समुद्रातून आली? महाराष्ट्रात तिला जलपर्णी म्हणतात. ती दक्षिण अमेरिकेची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुंदर फुलांसाठी कोणीतरी ती हौसेने भारतात आणली. आज शिवपुरीच्या साख्य सागरासारख्या तलावात, जो २०२२ मध्ये रामसर यादीत आला, ती काढण्यासाठी वारंवार श्रम घ्यावे लागले आहेत. सोलापूर-पुणे भागातील उजनी धरणात कोळ्यांच्या जाळ्यांत काटेरी ‘हेलिकॉप्टर मासा’ येऊ लागला. तोही दक्षिण अमेरिकेचा, घरातील काचेच्या टाक्यांतून सुटलेला. थाई मांगूर या परदेशी माशाच्या पालनावर सरकारने २००० मध्येच बंदी घातली, तरी तो चोरून पाळला जातो. परके जीव समुद्रमार्गेच येतात असे नाही. ते बाजारातून, पिशवीतून, हौसेतूनही येतात. २०२१ च्या मार्चमध्ये अमेरिकेत दुकानांतून विकल्या जाणाऱ्या शोभेच्या शेवाळ-गोळ्यांमध्ये चक्क जिवंत झेब्रा शिंपले सापडले होते.

दुसरे कारण कालव्यांचे. केन-बेतवा नदीजोड प्रकल्पाचा शिलान्यास २५ डिसेंबर २०२४ रोजी खजुराहोला झाला. पार्वती-कालीसिंध-चंबळ जोडणीचाही करार झालेला आहे. चंबळेचे पाणी ग्वाल्हेरला आणण्याची योजनाही आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. बुंदेलखंडाची आणि आपल्या शहराची तहान खरी आहे, त्यामुळे पाणी येऊच नये असे आम्ही म्हणणार नाही. परंतु चीनमध्ये दक्षिणेचे पाणी उत्तरेला नेणाऱ्या महाकालव्यातून सोनेरी शिंपलाही उत्तरेला गेला, हा अनुभव समोर आहे. दोन नद्या जोडल्या की त्यांतील जीवही जोडले जातात. म्हणून कालव्याबरोबर तपासणीची व्यवस्थाही असली पाहिजे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने उपद्रवी परदेशी जातींची आयात व प्रसार यांवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला आहे. त्याचा उपयोग होईल, तो समाज जागरूक असेल तरच.

जगाचा हिशेबही पाहा. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अहवालानुसार माणसाने जगभर ३७ हजारांहून अधिक जीवजाती परक्या प्रदेशांत नेल्या आहेत. त्यांपैकी साडेतीन हजारांहून अधिक घातक ठरल्या आहेत, आणि त्यांच्यामुळे होणारे नुकसान वर्षाला ४२३ अब्ज डॉलरहून अधिक आहे.

आपण काय करावे

१. घरातील टाकीतले मासे, कासवे, गोगलगायी किंवा वनस्पती तिघरा, सागरताल अथवा कोणत्याही नदी-नाल्यात सोडू नका. सोडून देणे हे पुण्य वाटते, पण त्या पाण्यातील मूळच्या जीवांसाठी तो शाप ठरू शकतो. नको असलेले मासे दुकानदाराला परत करा.

२. टाकीचे पाणी बदलताना जुने पाणी झाडांना किंवा कोरड्या मातीत घाला. नाल्यात ओतू नका.

३. सहलीला जाऊन नाव, जाळे, गळ, बूट एका जलाशयातून दुसऱ्यात नेणार असाल तर आधी नीट पाहा, पुसा आणि कडक उन्हात चांगले वाळवा. दमट जागी हे शिंपले पाण्याबाहेरही काही दिवस तग धरतात. ग्वाल्हेरच्या मे महिन्यातील उन्हाचा एवढा तरी उपयोग करून घ्यावा!

४. ओळखायला शिका. चिखलात किंवा वाळूत मोकळा रुतलेला दोन झडपांचा शिंपला बहुधा आपला असतो. त्याला त्रास देऊ नका, जिथे होता तिथेच ठेवा. दगडाला, नळाला, नावेला धाग्यांनी चिकटलेले लहान शिंपल्यांचे घोस दिसले तर मात्र ते उपटून दुसरीकडे नेऊ नका. फोटो काढा, जागा व तारीख लिहून ठेवा आणि विज्ञानाच्या शिक्षकांना दाखवा. पुढे मत्स्य विभागाला कळविण्याचे काम शाळा करील.

५. नदीत मासे राहतील असे वागा. आपल्या शिंपल्यांची पिले माशांच्या आधाराने वाढतात, हे आपण वर पाहिलेच आहे. मुरार आणि स्वर्णरेखा नद्यांत जोवर सांडपाणी वाहते आहे, तोवर तिथे आपला शिंपला परत येणार नाही. रिकाम्या घरात परका सहज शिरतो.

या वर्षी आठवी व नववीच्या विद्यार्थ्यांनी आपल्या परिसरातील तळी आणि नदीकाठ येथे दिसणाऱ्या शिंपल्यांची व गोगलगायींची नोंदवही तयार करावी, असे आम्ही ठरविले आहे. कुठे कोणता जीव आज आहे, हे लिहिलेले असेल तरच उद्या नवा आलेला ओळखता येईल. डार्विनला सहा महिन्यांपूर्वीची पाहणी हाताशी होती, म्हणून तेथील लोक वाचले. या कामासाठी पालकांपैकी ज्यांना नदीकाठची गावे, मासेमारी किंवा पाणीपुरवठा यांची माहिती आहे, त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर विज्ञान प्रयोगशाळेत येऊन मुलांना मार्गदर्शन करावे, ही विनंती.